साहेबाच्या आधीचा फोटो

पिपरी मेघे, वर्धा
१४ जानेवारी २०२५

कु. रीना कोडापे हिस,

तुझा मोबाईलवर आलेला मजकूर वाचला. चार वाक्यं, सहा चुका आणि जोडलेल्या हातांची दोन चित्रं. मोबाईलवरच्या मजकुराला मी उत्तर देत नाही. पत्ता मागून घेतला तो एवढ्यासाठी की जे सांगायचं ते एकदाच आणि कागदावर सांगावं.

रविवारी प्रदर्शनात जे झालं ते मला आवडलं नाही. माझे वडील बापूराव नाखले नागपूरच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार होते. पन्नास ते सत्तर या वीस वर्षांत वर्ध्यात जो कोणी मोठा माणूस आला, मंत्री, गवई, शास्त्रज्ञ, पैलवान, तो त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसला. ते जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली आणि त्यांच्या फोटोंचं हे पहिलं प्रदर्शन. मी त्या गायिकेच्या फोटोजवळ उभी राहून पाहुण्यांना सांगत होते, तेवढ्यात मागून तू ओरडलीस, "मॅडम, माझ्या आजोबांचा, कवडू कोडापेंचा फोटो कुठे लावलाय?"

मी म्हटलं, "कवडू आमच्याकडे कामाला होता. गड्याचा फोटो कोण काढतं?" लोक हसले, तू निघून गेलीस. सूर चुकला असेल. उत्तर बरोबर होतं.

तू तो गायिकेचा फोटो नीट पाहिलास तरी का? हजारांच्या सभेला न डगमगणारी ती बाई खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली आहे. एक हात अजून पदर सावरतो आहे. आणि चेहऱ्यावर हसू कसं, तर दुसऱ्याच्या घरी आपल्यासाठी पहिलं ताट वाढल्यावर संकोचावं तसं. बापूरावांचे सगळे फोटो असे आहेत. थोर माणसं थोरपण विसरतात तो क्षण त्यांना सापडायचा. कसा, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

तुझे आजोबा त्यांची बॅग आणि तिपाई उचलायचे. माणूस प्रामाणिक, हे मी लिहून देते. पण "साहेबाच्या आधी माझा फोटो निघे" असं ते गावात सांगत असतील, तर ती त्यांची हौस. तिची जबाबदारी माझ्यावर नाही.

कुमुद नाखले
(निवृत्त शिक्षिका)


नर्सेस होस्टेल, नागपूर
२२ जानेवारी २०२५

आदरणीय कुमुद मॅडम,
सादर नमस्कार.

पत्र मिळालं. मोबाईलवर चुका झाल्या, रात्रपाळीनंतर लिहिलं होतं. या पत्रात कमी असतील. असल्या तर लाल शाईनं खुणा करून परत पाठवा, मला राग येणार नाही.

माझे आजोबा वारले तेव्हा मी जन्मले नव्हते. त्यांचं जे आहे ते बाबांच्या, म्हणजे जंगलू कोडापे यांच्या तोंडून ऐकलेलं. आम्ही तळेगावचे, म्हणजे आर्वीकडच्या तळेगाव श्यामजी पंतचे. आजोबा सांगायचे ते बाबा जसंच्या तसं म्हणून दाखवतात, म्हणून तसंच लिहिते:

"बापूसायेब मले खुर्चीत बसवे. उजेड पाहे, काच फिरवे, एक खटका मारे. मंग मोठा मानूस आला का मी उठून दुपट्ट्यानं खुर्ची पुसून द्याचो. म्हनाचो, बसा सायेब. आपल्यासाठी कोनाले उठा लागलं म्हनून तो मानूस जरासा लाजे. लाजला का बापूसायेब दुसरा खटका मारे."

गावात हे कुणाला खरं वाटलं नाही. आजोबांचं नाव 'पह्यला सायेब' पडलं. पारावर बसायला गेले की पोरं म्हणायची, "उठा रे, सायेबाले खुर्ची द्या." बाबांना अजून 'सायेबाचं पोट्टं' म्हणतात, आणि ते आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. आमच्या घरी आजोबांचा एकही फोटो नाही.

बाबांचं म्हणणं एवढंच आहे. फोटो असेल तर दाखवा. नसेल तर आमचा माणूस खोटं बोलत होता असं आम्ही समजू, आणि पुढे कुणी चिडवलं तर मान खाली घालू. पण एकदा नक्की कळू द्या.

तुम्ही फक्त प्रत्येक रोलची पहिली फ्रेम पाहा.

आपली नम्र,
रीना


पिपरी मेघे
३ फेब्रुवारी २०२५

कु. रीना हिस,

शुद्धलेखन बरं आहे. 'दुपट्टा' आणि 'शेला' यांत फरक असतो, पण तो आजोबांचा शब्द म्हणून सोडून देते.

कपाट उघडलं. निगेटिव्हची त्रेसष्ट पाकिटं आहेत. एका रोलमध्ये बारा फ्रेम असतात. पाकिटांत अकरा आहेत. रोल चढवताना पहिली फ्रेम बहुधा खराब होते, ती टाकून देतात. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

तुझ्या पत्रामुळे एक गोष्ट मात्र आठवली. एक मंत्री आले होते, नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं वर्ध्यात आहेत. त्यांचा फोटो वडिलांनी कधीच छापला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मेल्याला काही वाटलंच नाही गं." कशाचं काही वाटलं नाही, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणजे तुझ्या आजोबांच्या सांगण्यात तथ्य असेल, नसेल. पण फोटो नाही. तुझ्या वडिलांसाठी त्या गायिकेच्या फोटोची मोठी प्रत सोबत पाठवते आहे. फ्रेम करून घ्या. घरात शोभेल.

कुमुद नाखले


नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मॅडम,

प्रत परत पाठवते आहे. बाबांनी ती बराच वेळ पाहिली. म्हणाले, "बाई मस्त हासून राह्यली. पन हे आपल्या घरची नाई." मग मला म्हणाले, "खुर्चीच्या पाठीवर वरून भिजल्यासारखा डाग दिसते ना? तो बापाच्या पुसन्याचा असन." आहे की नाही ते मला माहीत नाही. त्यांना तो दिसला.

मॅडम, मी नर्स आहे. रुग्णाच्या फाईलमधलं एखादं पान नसेल तर "ते खराब झालं असेल" असं आम्हाला म्हणता येत नाही. कोणी काढलं, कधी काढलं, हे विचारतात. त्रेसष्ट रोल, आणि त्रेसष्टांतही नेमकं तेच एक पान नाही. तुमचे वडील इतके मोठे फोटोग्राफर, वीस वर्षं दर वेळी रोल चढवताना चुकत होते का?

पहिली फ्रेम कुठे गेली, तेवढं सांगा. मी पुन्हा लिहिणार नाही.

रीना


पिपरी मेघे
९ मार्च २०२५

प्रिय रीना,

पंचवीस दिवस उत्तर दिलं नाही. तब्येत उत्तम होती.

चौतीस वर्षं वर्गात उभी राहून मी मुलींना सांगितलं की खोटं बोलताना माणूस नको तेवढा तपशील देतो. गेल्या पत्रात रोल चढवण्याबद्दल मी जे लिहिलं ते तसलंच होतं. पहिली फ्रेम खराब होत नाही. माझे वडील एकही फ्रेम वाया घालवत नसत. प्रत्येक पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे: '१ – कवडू. २ ते १२ –' आणि पुढे त्या मोठ्या माणसाचं नाव. त्रेसष्ट पाकिटांवर, त्रेसष्ट वेळा. तुला पत्र लिहिताना ती पाकिटं माझ्या मांडीवर होती.

फ्रेम मी काढल्या.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. दुपारी सूर्यग्रहण होतं. वर्ध्याला सूर्याची नुसती कोर उरणार होती. गावभर दारंखिडक्या बंद, पाणी ओतून द्यायचं, बाळंतिणींनी बाहेर यायचं नाही. आमच्या शाळेत, मुलींना घरीच ठेवतो, अशा पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. मला संताप आला. मी एकोणतीस वर्षांची, कॉन्व्हेंटात शिकलेली, अंधश्रद्धेवर तुटून पडायला टपलेली. मी मुख्याध्यापिका सिस्टरना म्हटलं, माझा वर्ग ग्रहण बघणार. त्या काळी लोक काळ्या निगेटिव्हमधून बघत. आता डॉक्टर तसं करू देणार नाहीत.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. कपाट माझ्या ताब्यात. मोठ्या माणसांच्या फ्रेमना हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून प्रत्येक पाकिटातली पहिली काढली. कवडूच्या अंगात नेहमी पांढरा सदरा असे, आणि पांढरं निगेटिव्हवर गडद काळं येतं. सूर्य बघायला त्याच्याहून बरं काय? सदऱ्याचा भाग दुहेरी घडी करून पुठ्ठ्यात बसवला. उरलेला भाग उपयोगाचा नव्हता. काळा चेहरा निगेटिव्हवर पारदर्शक येतो. त्यातून ऊन सरळ डोळ्यांत जातं. तो कापून टाकला.

माझ्या वर्गातल्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट मुलींनी तुझ्या आजोबांच्या सदऱ्यातून ग्रहण पाहिलं. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी माझं कौतुक झालं. ते मी पंचेचाळीस वर्षं सांगत आले आहे. निगेटिव्ह कुणाचे होते, ते कधी सांगितलं नाही. कारण मला स्वतःलाच ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

तुझे आजोबा खरं बोलत होते. सोबत एक पाकीट पाठवते आहे. वडिलांचं अक्षर आहे, बाबांना दाखव.

कुमुद


नागपूर
१७ मार्च २०२५

आदरणीय मॅडम,

पाकीट घेऊन मी गावी गेले होते. बाबांना '१ – कवडू' वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर उठून गोठ्याकडे गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. ग्रहणाचं आलं तेव्हा ते एकदम म्हणाले, "थांब." त्यांना ते आठवतं. तेव्हा ते पंचविशीत होते. आजोबा वर्ध्याहून आले आणि घरात सांगत होते, "आज माह्या सदऱ्यातून शाळेतल्या पोरीईनं सुर्व्या पाह्यला." सगळे पोट धरून हसले. आजी म्हणाली, "सदरा इतका मळला का?" हीसुद्धा त्यांची एक थाप समजून गावात वर्षभर चालली.

मॅडम, म्हणजे त्या दिवशी आजोबा तुमच्याकडे होते. पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही. बाबांनी विचारलं आहे, ते तिथे काय करत होते?

रीना


पिपरी मेघे
२६ मार्च २०२५

प्रिय रीना,

ते कापत होते.

वडील गेल्यावरही ते वर्षातून दोनदा यायचे. येताना फडक्यात बांधून आवळे नाहीतर जवस. त्या दिवशी सकाळी आले. मी पुठ्ठे चिकटवत होते, हात भरले होते. मी कात्री त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "कवडू, एवढं कापून दे. काळा भाग इकडे, बाकीचा टोपलीत."

त्यांनी पहिली फ्रेम खिडकीकडे धरली. बघत राहिले. म्हणाले, "बाई, हा तं मीच हाय."

मी म्हटलं, "हो, पण ते नुसते फोकस बघण्यापुरते. फालतू आहेत."

ते म्हणाले, "असं का," आणि कापायला लागले. हळू कापत होते. मी म्हटलं, "आटप, मुली यायच्यात." पाच-सहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातला एखांदा मी ठेवू का, बाई?" मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. आठवत नाही असं गेले दोन महिने स्वतःला सांगत होते. मी म्हटलं, "निगेटिव्ह घरी नेऊन काय करणार? फोटोच हवा असेल तर आर्वीच्या स्टुडिओत काढून घे की."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्रेसष्टच्या त्रेसष्ट कापल्या. टोपली त्यांनीच बाहेर नेऊन रिकामी केली.

तुझ्या वडिलांना हे सांग. चांगल्या शब्दांत बसवू नकोस.

आणखी एक. मी त्या वर्गातल्या जितक्या मुलींचे नंबर मिळाले तितक्यांना फोन केले. त्या आता साठीच्या घरात आहेत. बहुतेकींना ग्रहण आठवतं, पुठ्ठा आठवत नाही. एकीनं विचारलं, "टीचर, तुम्ही बऱ्या आहात ना?" आर्वीच्या वर्षालीकडे तो निघाला. तिच्या वडिलांनी बक्षिसाच्या पुस्तकात जपून ठेवला होता. मी काल एसटीनं जाऊन आणला, आतल्या निगेटिव्हची घडी उलगडली आणि ती स्टुडिओत छापून घेतली.

सदरा आहे. एक बाही, एक हात. हात खुर्चीच्या दांड्यावर आहे आणि दांड्यावर, फोटो जिथे निघाले त्या सभागृहानं रंगवलेला आकडा दिसतो: १७. त्या गायिकेच्या फोटोतही पदराखालून तोच १७ डोकावतो. आता त्या फोटोकडे बघितलं की मला ती बाई का संकोचली आहे ते दिसतं. ही खुर्ची नुकतीच कोणीतरी आपल्यासाठी रिकामी केली, हे तिला ठाऊक आहे. माझ्या वडिलांना सापडलेला तो क्षण तुझ्या आजोबांनी उठून घडवलेला होता. मी तिथे उभी राहून लोकांना दुसरंच काही समजावत होते.

छापलेल्यात चेहरा नाही. मानेपाशी कात्री फिरली आहे. हे घेऊन यायला मला तोंड नाही. पण पोस्टानं पाठवणं जास्त वाईट होईल. येऊ का?

कुमुद


नागपूर
२ एप्रिल २०२५

आदरणीय मॅडम,

बाबांना सगळं वाचून दाखवलं. 'फालतू' या शब्दावर त्यांनी मला थांबवलं. तुमच्याबद्दल ते जे बोलले ते मी लिहीत नाही. तुम्ही चांगल्या शब्दांत बसवू नकोस म्हणालात, पण हे माझ्या हातून लिहवत नाही.

दोन दिवसांनी म्हणाले, "येऊ दे बाईले. पन मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. गावाले सांगा म्हना." येत्या रविवारी दहा वाजता या. स्टँडवर माझा भाऊ कुंदन घ्यायला येईल. मला ड्यूटी आहे, सुट्टी मिळाली नाही.

काय झालं ते मला तुमच्याकडूनच कळू द्या. बाबा सांगणार नाहीत.

रीना


पिपरी मेघे
७ एप्रिल २०२५

प्रिय रीना,

काल जाऊन आले.

तुमच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. तुझ्या वडिलांनी मला नमस्कार केला नाही आणि ते बरं केलं. प्लॅस्टिकच्या एका खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बसा." मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. वडिलांची काम करायची पद्धत, पाकिटांवरची अक्षरं, खुर्चीचा आकडा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले. म्हटलं, "कवडू कोडापे जे सांगत होते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोललं गेलं ते माझ्या घरात. त्यांच्या नाही."

लोक फोटो हातोहात बघू लागले. तुमच्या शेजारचे कैलास, त्यांचा आवाज मोठा आहे, म्हणाले, "सदरा तं दिसून राह्यला मॅडम, पन मुंडकं कुठं हाय?"

दोन-तीन जण हसले. मला वाटलं होतं हा प्रश्न येईल, आणि बसमध्ये मी त्याचं उत्तर तयार केलं होतं. त्यात ग्रहण होतं, विज्ञान होतं, तो काळ होता. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हटलं, "मी कापायला लावलं. त्यांच्याच हातानं. त्यांनी एक मागितला होता, तोही दिला नाही."

मग कोणी हसलं नाही. एक म्हातारी, देवकाबाई नाव ऐकलं, तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "काऊन वं माय? एक देल्ला असता तं काय झालं असतं?"

काही झालं नसतं. बासष्ट मुलींनी ग्रहण पाहिलं असतं.

मग तुझे वडील पुढे आले. त्यांनी फोटो परत घेतला, त्यातल्या हातावर अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "बाई, तुमी बापाले वीस-पंचवीस वर्सं पाह्यलं. तुमाले त्याचं तोंड आठवते का?"

रीना, त्या गायिकेच्या नाकातली चमकी कोणत्या बाजूला होती ते मी डोळे मिटून सांगेन. पैलवानाच्या कानाची मोडलेली पाळी सांगेन. त्या मंत्र्याच्या हनुवटीवरचा तीळ सांगेन, ज्याला काही वाटलंच नव्हतं. लहानपणी तुझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेले आहे. त्यांना मिशी होती का, ते मला आठवेना. मी उन्हात उभी राहून आठवायचा प्रयत्न करत होते आणि मला पांढरा सदरा सोडून काही दिसत नव्हतं.

'हो' म्हणता आलं असतं. अंगणातल्या कुणाला पडताळून बघता आलं नसतं. मी म्हटलं, "नाही."

तुझे वडील म्हणाले, "मंग लिहून घ्या." आणि ते सांगायला लागले. मध्येच कोणी म्हणे, "नाई गा, तसं नोहोतं," आणि दोघं वाद घालत. कैलासही बोलले, देवकाबाईंनी सगळ्यांत जास्त सांगितलं. मी तेव्हा त्या खुर्चीत बसले आणि लिहून घेतलं. एकही शब्द सुधारला नाही. फोटोसोबत तो कागद काचेखाली लावायचं ठरलं आहे. तुझी प्रत ही:

"रंग काळा, सावळा नोहे. मिशी नाई. उजव्या कानात बाळी. कपाळ मोठं, त्याच्यावर बैलानं मारल्याचा वन. दात शेवटलोक सारे होते. चालता चालता मांगं पाह्याची सवय. हासू आलं का आधी खांदे हालत, आवाज मांगून ये."

कुमुद